उष्ट्याची माती

भावानं बहिणीला जमीन दिली, असं आमच्या पाड्यावर अजून सांगतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. दिली कसली डोंबलाची! घरामागच्या उतारावरचा एक तुकडा दाखवला, झालं. कुदळ मारली की ठिणगी उडायची. वर वीतभर मुरूम, खाली कातळ. कुसळी गवतसुद्धा तिथं नाखुशीनं उगवायचं. दादाच्या तो काहीच कामाचा नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला आला. आणि दिला म्हणून बोभाटा केवढा!

जव्हारला राजेसाहेबांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचा पाडा जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या आतल्या अंगाला. माझा नवरा भादव्यात तापानं गेला आणि मी पोरीला कडेवर घेऊन दादाच्या दारात आले. आमच्यात नवरा गेला म्हणून बाईनं जन्मभर कोपऱ्यात बसायचं, असली रीत नाही. दुसरा पाट लावतात, बाई पुन्हा संसाराला लागते. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण पाट लावला की पहिल्या नवऱ्याचं पोर बापाच्या कुळाकडे राहतं. माझी पोर दिराकडे गेली असती. आणि दिराला ती हवी होती ती काही मायेनं नव्हे. त्याच्या गुरांमागे रानात फिरायला फुकटचे पाय हवे होते. त्याच्याकडची एक भाची तशीच वाळून गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

दादानं मला समोर बसवलं आणि सांगितलं, "बाय, इथं राहायचं तर खायचं तुझं तू पिकव. मला माझीच तोंडं भरवत नाहीत. नाही जमलं तर पाट लाव आणि पोर तिच्या चुलत्याला देऊन टाक."

देऊन टाक! कोंबडी असल्यासारखं बोलला. मी म्हटलं, "पिकवीन." कुठं पिकवशील, असं त्यानं विचारलंच नाही. तो तुकडा दाखवला आणि पडवीत एक चूल मांडायला जागा दिली.

मुरमात पिकवायचं तर आधी माती हवी, आणि मातीला खत हवं. गोठ्यात दादाची चार गुरं होती. पहिल्या दिवशी शेणाची पाटी उचलली तर दादा ओरडला, "ठेव ती! शेण राबाला लागतं."

राब म्हणजे काय ते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भात पेरायच्या आधी घराजवळच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा आणि वर थोडी माती असे थर देतात आणि उन्हाळ्यात ते पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं. त्या राखेत पाऊस तोंडावर आला की भात पेरायचं, आणि रोप वीतभर झालं की उपटून खाचरात लावायचं. आमच्याकडे राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही. त्यामुळे शेणाचा पो सुद्धा माझ्या हाती लागणार नव्हता. माझ्यासाठी उरलं ते उष्टं, खरकटं आणि सालपटं.

आणि पाड्यावर उष्टं उरतं तरी कुठं? नागलीची भाकर आणि आंबील खाणारी माणसं आम्ही. पोरं ताटली बोटानं निपटून चाटतात. भोपळ्याची साल शेळीच्या पोटात जाते, सांडलेला दाणा कोंबडी टिपते. टाकून द्यायला आधी घरात असावं लागतं! चार घरं फिरले तेव्हा मूठभर कोंडा आणि गरे काढून उरलेली फणसाची चारखंडं मिळाली. वर टोमणे मिळाले ते वेगळेच. "आली गं उकिरड्याची राणी, नाकाला पदर लावा!" असं माझ्याच वयाच्या पोरी म्हणायच्या.

मग मी जव्हार धरलं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, बाजाराच्या दिवशी तिथल्या कारकुनांच्या घरी विकायच्या, त्या पैशांत पोटापुरती नागली घ्यायची, आणि येताना त्याच घरांच्या मागीलदारी पडलेलं उचलून आणायचं. काय काय टाकत होती ती माणसं! केळीची सालं, शेंगांच्या शिरा, दुधीचे बुडखे, आंब्याच्या साली, आणि सणावाराला तर भात चिकटलेल्या पत्रावळींचा ढीगच. मीच विकलेल्या पत्रावळी मीच परत न्यायची.

एका घरची बाई मागच्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय गं, हे उष्टं नेऊन खाता की काय तुम्ही लोक?"

मी म्हटलं, "बाई, मी नाही खात. माझी जमीन खाते."

तिला ते एवढं गमतीचं वाटलं की शेजारणीला हाक मारून तिनं मला पुन्हा ते बोलायला लावलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ती पाटी तिच्या सारवलेल्या अंगणात पालथी करावी असं फार मनात आलं. पण पाटी भरलेली होती, आणि घरी पोर होती. मी ते पुन्हा बोलले, दोघी पोटभर हसल्या, आणि मी पाटी डोक्यावर घेऊन निघाले. वाटभर त्या खरकट्याचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मी त्या बाईला तोंडाला येईल ते बोलत होते. ऐकायला रानात माकडं तेवढी होती.

पहिल्या वर्षी सगळं फुकट गेलं. दादाच्या शेणाला खड्डा होता म्हणून मीही उन्हाळ्यात खड्डाच खणला आणि सगळं त्यात टाकत गेले. आमचा पाऊस काय कुणाला सांगायचा! आषाढात खड्डा काठोकाठ भरला. आत काळा रेंदा, वर फेस आणि पांढऱ्या अळ्या. वास असा की वहिनीनं पडवीत येऊन बोंब ठोकली, "बाय, कुणाचं मढं पुरलंस तिथं?" एक मोठी सर आली आणि तो रेंदा उतारावरून ओढ्याला गेला. वर्षभर डोक्यावरून वाहून आणलेलं सगळं गेलं. मी पावसात उभी राहून रडले, आणि खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा शिव्याच जास्त दिल्या.

दुसऱ्या वर्षी खड्डा नको म्हटलं. पाणी जिथं साचतं तिथं कुजत नाही, सडतं. दोन्हींत फरक आहे, तो नाकाला कळतो. उंचवट्यावर कारवीच्या काठ्यांचा गोल कूड केला. तळाला काटक्या घातल्या, म्हणजे खालून वारा राहील आणि पाणी निथळेल. त्यावर ओलं खरकटं पसरायचं आणि त्याच्या दुप्पट सुका पाला. मग बोटभर माती. चुलीतली राख चिमूट चिमूट, जास्त नाही. मासळीचे काटे आणले तर ते पार मध्ये पुरायचे, नाहीतर कुत्री येऊन उकरतात. पावसाळ्यात वर सागाच्या पानांचं छप्पर घालायचं, आपण डोक्यावर इरलं घेतो तसंच. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. ढीग कोरडा पडतो, मुंग्या आणि वाळवी घर करतात. मग भांडी धुतलेलं पाणी त्यावर ओतायचं. आतलं मूठभर घेऊन आवळायचं. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

आणि पंधरवड्याला एकदा सगळं खालवर करायचं. हे काम पाठ मोडणारं होतं. पण श्रावणात पहिल्यांदा ढीग उकलला तेव्हा आतून वाफ आली. हात घातला तर ठेवता येईना, एवढी ऊब. पोरीला हाक मारली, तिनं हात घातला आणि किंचाळून मागे सरली. "आये, आत चूल आहे!" म्हणाली. किती दिवसांनी मी हसले तेव्हा.

दिवाळीपर्यंत त्याचं काळं, भुसभुशीत खत झालं. साल ओळखू येईना, पत्रावळ ओळखू येईना. वास रानातल्या झाडाखालचा. मी उताराला दगडाचा बांध घातला, मुरूम कुदळीनं फोडला, त्यात ते मिसळलं आणि पुन्हा नवा ढीग लावला. खत टाकायचं, उकरायचं, पुन्हा टाकायचं. पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्यावर कोपरभर माती होती. काळी, मऊ. तिथं भोपळा चढला, काकडी आली, अळू, मिरची, वाल, काय विचारूच नका. भोपळा देऊन नागली घ्यायची, काकडी देऊन मीठ घ्यायचं. माझी चूल एकदाही विझली नाही. पोरीच्या गालांवर मांस धरलं. दीर एकदा येऊन बघून गेला.

इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला चिडले असते!

पुढच्या उन्हाळ्यात रानाच्या शिपायानं टहाळ्या तोडू दिल्या नाहीत. वरून हुकूम होता की त्याच्या मनाचाच हुकूम होता, देव जाणे. कोयता दिसला की काढून घ्यायचा. सगळ्या पाड्याचे राब उघडे पडले. मूठभर शेणात काय भाजणार? माणसं हवालदिल झाली होती, दादाही झाला होता, ते मी नाकारत नाही. एक दिवस तो माझ्या तुकड्याच्या बांधावर येऊन बसला. माती हातात घेतली, चुरली, पुन्हा घेतली.

"बाय, या सालापुरता हा तुकडा राबाला दे. लावणी झाली की तुझा तुला परत."

भात सगळ्यांच्याच पोटाचं होतं. मी म्हटलं, "घे. पण भाजू नकोस. ही माती तयार आहे, नुसतं पेर."

"भाजल्याशिवाय राब होतो का कुठं? आजा-पणजा वेडे होते?"

"आज्याला अशी माती कुठं मिळाली होती? भाजलंस तर ती मरेल."

ऐकेल तर दादा कसला! मी ओढ्यावर पाण्याला गेले तेवढ्यात त्यानं काय करावं? जाळायला टहाळ्या नाहीत म्हणून माझ्या ढिगाचा कूड उपटला, वरचं छप्पर ओढलं, आतलं अर्धं कुजलेलं खत तुकडाभर पसरलं आणि दिली काडी लावून! माझं वर्षभराचं खत! ओलं कुठं जळतंय? नुसतं धुमसत राहिलं. पिवळा धूर सगळ्या पाड्यावर पसरला आणि दादा त्या धुरात खोकत उभा, तरी काठीनं ढोसतोय! मी हंडा टाकला आणि धावले. पायांनी, पदरानं, ओढ्याच्या पाण्यानं, मिळेल त्यानं विझवलं. "मुडदा बसवला तुझ्या राबाचा!" असं मी सख्ख्या भावाला सगळ्यांदेखत म्हटलं. तो म्हणाला, "बाईच्या जातीला राबातलं काय कळतं."

वरची बोटभर माती करपली, खालची वाचली. त्यात पेरलेलं रोप असं काही वर आलं की माणसं बघायला येऊ लागली. दाट, काळंभोर. "दादाच्या राबाला काय रोप आलंय!" म्हणायची. दादाच्या! आणि दादा मिशीला हात लावून ऐकून घ्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

लावणी झाली. मी म्हटलं, "दे तुकडा." तर म्हणाला, आता पावसाचं काय पेरतेस, भात झोडू दे. तो पावसाळा मी आणि पोरीनं रानभाजी आणि कडू कंद उकडून काढला. तिच्या गालांवरचं मांस गेलं ते मी रोज बघत होते. भात झोडून झालं. मी कुदळ घेऊन गेले. दादा वाटेत उभा.

"हा तुकडा राबालाच बरा आहे. पुढल्या सालीही इथंच पेरणार. तू आता किती दिवस अशी राहणार? मी एक माणूस बघितलाय, पाट लाव. पोरीच्या चुलत्याला निरोप धाडलाय, तो येईल तिला न्यायला."

म्हणजे सगळं ठरवून झालं होतं. माझी माती त्याला, माझी पोर दिराला, आणि मी कुणा तिसऱ्याला. मी पडवीत गेले, पाटी घेतली, पोरीच्या हातात टोपली दिली आणि तुकड्यावर येऊन माती भरायला लागले.

तुकड्याच्या वरच्या अंगाला उघडा कातळ आहे. तो कुणाचाच नव्हता, कारण त्यावर काही उगवत नाही. तिथं मी दगडांचं कडं केलं आणि माती त्यात टाकायला सुरुवात केली. भरायची, चढायचं, ओतायची, उतरायचं. दादाला आधी वाटलं माझं डोकं फिरलंय. जेव्हा खालचा लाल मुरूम दिसायला लागला तेव्हा तो धावत आला आणि त्यानं माझी पाटी धरली.

"माझ्या जमिनीतली माती कुठं नेतेस?"

"जमीन तुझी. तुझा मुरूम तुला ठेवलाय, बघ. माती मी केलीय."

ओढाओढीत पाटी फाटली. पाडा गोळा झाला. नेमका तेव्हाच दीर येऊन पोचला आणि गर्दीत उभा राहिला. कुणीतरी म्हाताऱ्या कारभाऱ्याला आणलं. आमच्यात असले तंटे तोच तोडायचा. दादानं मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं काठीनं मुरूम टोकरला आणि विचारलं, "बहिणीला जागा दिलीस तेव्हा इथं काय होतं?"

"मुरूम."

"आता काय आहे?"

"मुरूम."

"मग तुझं गेलं काय?"

लोक हसले. मी हसले नाही, कारण दीर पुढे झाला होता. "मातीचं तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "मी पोरीला न्यायला आलोय. ही बाई कातळावर बसून तिला काय घालणार?" पोरीनं टोपली टाकली आणि माझं लुगडं दोन्ही हातांनी धरलं.

कारभारी दादाकडे वळला. "तुझी बहीण आपलं पोट आपण भरते का? खरं सांग. भरत असेल तर पोर तिच्यापाशी राहील. नसेल तर पोर बापाच्या कुळाची."

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या पडवीत राहते," म्हणाला, "माझ्या जिवावर जगते."

"खोटं!"

वहिनी बोलली. जी कधी पुरुषांत तोंड उघडत नसे, ती शेणानं भरलेल्या हातांनी पुढे आली आणि कारभाऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, गेल्या सालच्या श्रावणात आमची कणगी रिकामी झाली. कुणाला सांगितलं नाही आम्ही, लाज वाटायची. माझ्या पोरांना मी काय घातलं? हिनं दिलेला भोपळा. सकाळी भोपळा, सांजेला भोपळा, आणि भोपळा संपला की अळू. पोरांच्या बापानंपण तेच खाल्लं. कोण कुणाच्या जिवावर जगलं, ते त्यालाच विचारा."

भोपळा मी द्यायचे खरा, शेजारी चूल म्हणून. तो त्यांच्या चुलीवर भाजीला लागतो अशी माझी समजूत. त्यांचं जेवणच तेवढं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दादाचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाही सुद्धा म्हटलं नाही, आणि म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. "पोर आईची," तो म्हणाला आणि काठी टेकत निघाला.

दीर पाठ फिरवून वाटेला लागला. लोक पांगले. दादा घरात गेला. मी पोरीची बोटं लुगड्यातून सोडवली आणि तिची टोपली तिच्या हातात दिली. अजून अर्धी माती खालीच होती.